फुरसतीचे भाडे कोणी भरावयाचे?

‘सुट्टीत कोठे गेला होता?’ हा आपल्या मध्यमवर्गात परस्परांना नित्य विचारला जाणारा प्रश्न आहे. सुट्टीत काय केले, असे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. सुट्टी म्हणजे प्रवास आणि प्रवास म्हणजे खर्च हे समीकरण इतके रूढ झाले आहे की, जो गावातच राहिला त्याची सुट्टी वाया गेली असे आपण धरून चालतो. अर्थशास्त्राच्या रूढ हिशेबपद्धतीनेही या समजुतीला नकळत हातभार लावला आहे. विमानाचे तिकीट, हॉटेलची खोली, भाड्याची मोटार यांची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात होते. पाच माणसांनी एका टेबलाभोवती गप्पा आणि खेळ यांत घालविलेल्या दुपारची होत नाही. जे मोजले जात नाही ते नसतेच, असे मानण्याची खोड मग धोरण ठरविणाऱ्यांना लागते आणि त्यांच्यामागून नागरिकांनाही.

अमेरिकेत अशा दुपारींना गेल्या काही दशकांत एक ठरलेली जागा लाभली आहे. ती जागा म्हणजे गावातील खेळांचे दुकान. पुढच्या भागात पुस्तके, फासे, पत्ते व बोटाएवढ्या रंगविलेल्या मूर्ती यांची मांडणी आणि मागच्या भागात लांब टेबले व घडीच्या खुर्च्या, असे त्याचे सर्वसाधारण रूप असते. ज्यांना तिकडे ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात आणि ज्यांना आपण सोयीसाठी भूमिका-खेळ म्हणू, ते खेळ या टेबलांवर चालतात. शाळकरी मुले उन्हाळ्याची सुट्टी येथे काढतात, हे समजण्यासारखे आहे. परंतु नोकरदार, प्रौढ माणसेही आपल्या रजेचे दिवस याच खुर्च्यांवर बसून घालवितात. वरवर पाहता हा पोरखेळ वाटेल. प्रत्यक्षात फुरसत, तिला लागणारी जागा आणि त्या जागेचे मोल यांविषयीचा एक गंभीर प्रश्न त्यात दडलेला आहे.

खेळ कसा चालतो?

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी तो थोडा उलगडून सांगणे अगत्याचे आहे. टेबलाभोवती पाचसहा जण बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार असतो. उरलेल्यांनी प्रत्येकी एक पात्र घ्यावयाचे असते. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी भुरटा चोर. त्या पात्राचे बळ, चापल्य, शहाणपण इत्यादी गुण आकड्यांत मांडलेला एक कागद प्रत्येकापुढे असतो. सूत्रधार प्रसंग सांगतो: संध्याकाळ होत आली आहे, पुराने पूल वाहून गेला आहे, पैलतीरावर कोणीतरी दिवा हलवीत आहे, आता तुम्ही काय करता? एक म्हणतो, मी पोहून जातो. दुसरा म्हणतो, रात्र येथेच काढू. तिसऱ्याला त्या दिव्याचाच संशय येतो. वाद होतो, मनधरणी होते. अखेर पहिल्याने पाण्यात उडी घेतली की वीस बाजूंचा फासा टाकावयाचा. आलेल्या आकड्यात पात्राच्या बळानुसार ठरलेली भर घालावयाची. सूत्रधाराने ठरविलेली संख्या गाठली तर गडी पार झाला, नाही तर प्रवाहात सापडला. मग त्याला वाचवावे की दिव्याकडे लक्ष ठेवावे, हा नवा पेच उभा राहतो.

आपल्या वगात कथानक ठरलेले असते आणि संवाद मात्र नट जागच्या जागी रचीत असत. येथे कथानकही ठरलेले नसते. सूत्रधाराने योजलेली वाट खेळाडू सोडून देऊ शकतात आणि मग सूत्रधारालाच धावपळ करून नवी वाट काढावी लागते. या खेळात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. बैठक तीनचार तासांनी उठते, गोष्ट मात्र पुढच्या बैठकीवर जाते. एकच गोष्ट वर्षानुवर्षे चालविणाऱ्या मंडळ्या आहेत.

विश्रामस्थानी जन्मलेला खेळ

या खेळाचे कूळ युद्धाच्या खेळात आहे. प्रशियाच्या लष्करातील राइसविट्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशा, फासे आणि निःपक्षपाती पंच यांच्या साहाय्याने अधिकाऱ्यांना रणनीती शिकविणारा खेळ प्रसिद्ध केला. एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ मध्ये शिशाच्या सैनिकांनी खेळावयाच्या लढायांचे नियम पुस्तकरूपाने मांडले. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात अशा खेळांची हौशी मंडळे वाढली. सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका घ्यावयाची, ही कल्पना मिनेसोटातील मंडळात रुजली. डेव्ह अर्नेसन या तरुणाने ती पुढे नेली आणि विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्स याच्या सहकार्याने तिला ग्रंथरूप दिले.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा तो खेळ जानेवारी १९७४ मध्ये विक्रीस आला. तीन पुस्तिकांचे एक खोके, किंमत १० डॉलर, पहिल्या आवृत्तीच्या प्रती १०००. खोकी हातांनी भरली जात. गायगॅक्सची विमा कंपनीतील नोकरी १९७० मध्ये सुटली होती आणि जोडे दुरुस्त करून तो संसार चालवीत होता. वर्षभरात त्या हजार प्रती संपल्या.

हे घडले ते लेक जिनिव्हा या गावी, आणि हा योगायोग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष वाटावा असा आहे. हे सरोवराकाठचे गाव शिकागोच्या धनिकांचे जुने विश्रामस्थान. एकोणिसाव्या शतकापासून त्यांनी तेथे उन्हाळी प्रासाद बांधले. ‘फुरसती वर्गाचा सिद्धान्त’ १८९९ मध्ये मांडून श्रीमंतांच्या दिखाऊ विश्रांतीवर कोरडे ओढणारा थोर्स्टाइन व्हेब्लेन हाही विस्कॉन्सिनमध्येच जन्मला. व्हेब्लेनचे म्हणणे असे की, फुरसत ही पुष्कळदा प्रतिष्ठेसाठी लोकांना दाखविण्याची वस्तू असते. त्या सरोवराच्या काठी अशा फुरसतीचे प्रासाद उभे होते. आणि त्याच गावातील एका साध्या घराच्या तळघरात, कोणालाही दाखविण्याजोगी नसलेली एक निराळीच फुरसत आकार घेत होती. १९६८ मध्ये गायगॅक्सने याच गावातील एका सभागृहात खेळाडूंचा मेळावा भरविला. ‘जेन कॉन’ या नावाने चालत आलेला तो मेळावा आता इंडियानापोलिस येथे भरतो आणि २०२३ मध्ये त्याला ७०,००० हून अधिक लोक उपस्थित होते. आपली वार्षिक रजा याच चार दिवसांसाठी राखून ठेवणारे लोक त्यांत थोडे नाहीत.

आनंदाचे कौशल्य

सुट्टीचे दिवस अशा खेळात घालविणे हा वेळेचा अपव्यय नव्हे काय? या प्रश्नाला माझ्या मते सर्वांत मार्मिक उत्तर तिबोर स्किटोव्हस्की या मूळच्या हंगेरियन अर्थशास्त्रज्ञाने दिले आहे. ‘द जॉयलेस इकॉनॉमी’ हा त्याचा ग्रंथ १९७६ चा. सुखसोय आणि आनंद या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे तो म्हणतो. सुखसोय पैशाने विकत घेता येते. परंतु तिची सवय झाली की तिचे सुख उरत नाही. आनंदाला नावीन्य, आव्हान आणि थोडी अनिश्चितता लागते. आणि मुख्य म्हणजे तो घेण्यासाठी कौशल्य लागते. गाणे ऐकावयासही कान तयार करावा लागतो. आधुनिक समाज माणसाला उत्पादनाचे कौशल्य शिकवितो आणि उपभोगाचे कौशल्य शिकविण्याचे टाळतो. म्हणून संपन्न देशातही माणसे कंटाळलेली दिसतात, असा त्याचा निष्कर्ष आहे.

भूमिका-खेळ हा अशा कौशल्ययुक्त उपभोगाचा नमुना आहे. त्यात ऐकावे लागते, बोलावे लागते, दुसऱ्याची पाळी येईपर्यंत थांबावे लागते, आपली युक्ती बहुमताने फेटाळली गेली तर ते सोसावे लागते. बॉमोल व बोवेन यांनी १९६६ मध्ये नाट्य-संगीताच्या अर्थकारणाविषयी दाखवून दिलेली अडचणही येथे जशीच्या तशी लागू पडते. कारखान्यातील उत्पादकता यंत्राने वाढते. पण चौघांनी वाजवावयाची संगीतरचना तिघांत किंवा निम्म्या वेळात उरकता येत नाही. भूमिका-खेळाचेही तसेच. चार तासांच्या बैठकीला चार तासच लागतात. ज्या युगात प्रत्येक मिनिट वाचविण्याचा उद्योग चालू आहे, त्या युगात हे चार तास कामाच्या आठवड्यात सापडत नाहीत. ते सुट्टीतच सापडतात.

आणि अमेरिकेत सुट्टी ही दुर्मीळ वस्तू आहे. भरपगारी रजा देण्याचे बंधन मालकावर घालणारा केंद्रीय कायदा तेथे नाही. १९३८ च्या श्रममान कायद्यात किमान वेतन व जादा कामाचा मोबदला आहे. रजेचा हक्क नाही. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगाराला दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस भरपगारी रजा दिली होती, ही तुलना लक्षात घेण्यासारखी आहे. मालकाने दिले तर मिळणाऱ्या मोजक्या दिवसांतून एखादा अमेरिकन नोकरदार जेव्हा पाच दिवस काढून ते दुकानातील टेबलावर घालवितो, तेव्हा तो त्या टेबलाला केवढी किंमत देत असतो याचा अंदाज करता येईल. अर्थशास्त्राच्या भाषेत त्या टेबलाचा संधित्याग-खर्च फार मोठा आहे.

टेबलाचा हिशेब

मात्र ही किंमत दुकानदाराच्या गल्ल्यात पडत नाही. खरी अडचण येथेच आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत मी विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे पुतण्याकडे गेलो असता त्याच्यासोबत अशा एका दुकानात दोन दुपारी बसलो. मी खेळलो नाही. खुर्ची घेऊन पाहत राहिलो. टेबलाभोवती एक निवृत्त शिक्षिका, दोन विद्यार्थी, एक विजेची कामे करणारा कारागीर आणि आमचे चिरंजीव अशी मंडळी होती. एरवी ती एकमेकांना भेटण्याचे काही कारण नव्हते. ‘काका, इथं ओळख काढावी लागत नाही, खुर्ची ओढायची आणि बसायचं,’ असे पुतण्या म्हणाला. परक्या देशात एकट्याने राहणाऱ्या मुलाच्या तोंडून हे ऐकताना बरे वाटले. बसण्यासाठी कोणी पैसे मागितले नाहीत. दुपारभर त्या टेबलावर विकले गेले ते फाशांचे एक पाकीट आणि काही थंड पेये.

सहज आकडेमोड करून पाहावी. खेळाडूंसाठीच्या नियमपुस्तकाची छापील किंमत सुमारे ५० डॉलर आहे. पाच जणांच्या मंडळीने एकच पुस्तक घेतले, आठवड्याला ४ तास याप्रमाणे वर्षाचे ५० आठवडे खेळले, तर १००० मनुष्य-तासांची करमणूक झाली. दर तासाला दरडोई खर्च ५ सेंट. ग्राहकाच्या दृष्टीने याहून स्वस्त करमणूक सापडणे कठीण. परंतु जी वस्तू ग्राहकाला इतकी पुरते, ती विक्रेत्याला फारसे काही देत नाही. दुकानातील निम्मी जागा टेबलांनी अडविली असेल तर निम्मे भाडे त्या टेबलांपायी जाते. बहुधा ते भाडे निघते ते दुसऱ्याच मालावर. १९९३ मध्ये आलेल्या ‘मॅजिक’ या पत्त्यांच्या खेळाची बंद पाकिटे लोक पुनःपुन्हा घेतात, कारण आत कोणता पत्ता निघेल हे ठाऊक नसते. अनेक दुकाने या पत्त्यांच्या जोरावर उभी आहेत. म्हणजे पत्ते घेणारा ग्राहक भूमिका-खेळ खेळणाऱ्याच्या खुर्चीचे भाडे भरतो. प्रकाशकांचीही अवस्था फार निराळी नव्हती. मूळ कंपनी टीएसआर कर्जात बुडाल्यावर १९९७ मध्ये तिला ‘मॅजिक’च्याच प्रकाशकांनी विकत घेतले आणि १९९९ मध्ये ही सारी मिळकत हॅस्ब्रो या खेळणी बनविणाऱ्या मोठ्या कंपनीकडे गेली.

यात भर पडली ती घरपोच विक्रीची. पुस्तक दुकानात हाताळावयाचे, दुकानदाराकडून नियम समजावून घ्यावयाचे, त्याच्याच टेबलावर खेळावयाचे आणि खरेदी मात्र संगणकावरून सवलतीच्या दरात करावयाची, हा व्यवहार आता सार्वत्रिक झाला आहे. त्यात बेकायदेशीर काही नाही. प्रत्येक ग्राहक स्वतःपुरता शहाणपणानेच वागत असतो. परंतु सर्वांचे शहाणपण एकत्र आले की टेबल नाहीसे होते. फुकट स्वारीचा हा प्रश्न अर्थशास्त्राला नवा नाही. रस्त्यावरचा दिवा आणि गावचे पाणवठे यांच्या संदर्भात तो आपण वर्गात शिकवितो; तोच प्रश्न येथे एका खाजगी दुकानाच्या मागच्या खोलीत उभा आहे. काही दुकानदारांनी बसण्याची फी सुरू केली आहे, काहींनी वर्गणीदार नेमले आहेत, काहींनी कॉफी विकावयास काढली आहे.

दोन आक्षेप

या दुकानांविषयी अवास्तव जिव्हाळा बाळगण्याचे कारण नाही, असे कोणी म्हणेल, आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे. बराच काळ ही दुकाने तरुण पुरुषांचे अड्डे होती. स्त्रियांना आणि नवख्यांना तेथे अवघडल्यासारखे होई. खेळावर समाजाचा रोषही झाला. १९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातील एक विद्यार्थी बेपत्ता झाला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याचे खापर या खेळावर फोडले. खरी कारणे निराळी होती, हे मागाहून उघड झाले. १९८० च्या दशकात काही धार्मिक गटांनी खेळाला सैतानी ठरविले. ती हाकाटी विरून गेली. परंतु मुले आपापसांत काहीतरी रचीत बसली की वडीलधाऱ्यांना भय वाटते, हा अनुभव सर्व देशांत सारखाच आहे.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे. २०२० च्या महासाथीत हीच मंडळी पडद्यावरून खेळू लागली. मग जागेचा आग्रह कशाला? याचे उत्तर असे की, पडद्यावर बहुधा आपण आधीच ओळखत असलेल्यांना बोलावितो. ज्याला मंडळी आहे त्याची सोय पडद्याने होते. ज्याला मंडळीच नाही त्याला दार लागते. घर आणि कामाची जागा यांखेरीज माणसाला तिसरे एक ठिकाण लागते, असे रे ओल्डनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये प्रतिपादन केले. तेथे जावयास निमंत्रण लागत नाही आणि तेथे माणसाचा हुद्दा विचारला जात नाही. खेळांचे दुकान हे असे ठिकाण आहे, आणि ते चालविण्याचा सारा बोजा एका छोट्या व्यापाऱ्याच्या शिरावर आहे.

आपण काय घ्यावे?

पुणे, मुंबई, बंगळूर येथे आता बैठ्या खेळांची उपाहारगृहे निघाली आहेत. तेथे बसण्याचा आकार घेतला जातो, आणि तो योग्यच आहे; फुकट स्वारीच्या रोगावर तेवढा तरी उतारा असावा. परंतु ज्याच्या खिशात बसभाड्यापलीकडे काही नाही त्या विद्यार्थ्याला ते दार बंद राहते. म्हणून या विषयाची केवळ बाजारावर भिस्त ठेवून चालणार नाही. अमेरिकेतील कित्येक सार्वजनिक ग्रंथालयांनी किशोरांसाठी भूमिका-खेळाच्या बैठका सुरू केल्या आहेत. जागा नगराची, पुस्तके ग्रंथालयाची, सूत्रधार एखादा स्वयंसेवक. आपल्याकडे १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागले. त्यांच्या वाचनकक्षात मे महिन्याच्या दुपारी एक टेबल मुलांच्या खेळासाठी मोकळे ठेवावयास फारसा खर्च येणार नाही. आणि असे खेळ आपल्या मुलांच्या प्रकृतीला मानवणार नाहीत असेही नाही. दिवाळीच्या सुट्टीत मातीचा किल्ला रचून त्यावर मावळे मांडणारी आणि कोणता मावळा कोठून चढेल यावर तासन्‌तास भांडणारी मुले भूमिका-खेळाच्या उंबरठ्यावरच उभी असतात.

केन्सने १९३० मध्ये असे भाकीत केले होते की, शंभर वर्षांनी माणसाला आठवड्याला १५ तास काम पुरेल आणि मग मोकळ्या वेळेचे करावयाचे काय, हाच मानवजातीपुढचा खरा प्रश्न होईल. त्याने दिलेली मुदत भरत आली आहे. पंधरा तासांचा आठवडा आलेला नाही. तथापि जी थोडी फुरसत मिळते तिचे काय करावे, हा प्रश्न मात्र वेळेआधीच येऊन दाखल झाला आहे. त्याचे उत्तर सहलींच्या जाहिरातींत शोधण्याची आपल्याला सवय झाली आहे. प्रवास करू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु फुरसतीला जशी रजा लागते तशी जागाही लागते. जागेला भाडे पडते. आणि ते भाडे कोणी ना कोणी भरतच असतो. ज्या दुकानात आपण वा आपली मुले तासन्‌तास बसतात तेथे सवलतीचा मोह सोडून एखादे पुस्तक छापील किमतीस घ्यावे, हे औदार्य नव्हे. ती आपल्या वाटणीची वर्गणी होय. आणि जेथे असे दुकान नाही तेथे एखादे टेबल व सहा खुर्च्या सार्वजनिक खर्चाने मांडून ठेवाव्यात, एवढी मागणी नगरपालिकेकडे करण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.